श्योक: माघारी वळलेली नदी

(पडद्यावर लडाखचा नकाशा. वरच्या टोकाकडून एक निळी रेघ हळूहळू उमटत जाते.)

नकाशात अगदी वर, काराकोरम खिंडीच्या आसपास बोट ठेवा. तिथून एक निळी रेघ आग्नेयेला निघते. डोंगरांमधून वाट काढत ती पँगाँग सरोवराच्या जवळपास येते. आता ही अशीच खाली उतरणार आणि सिंधूला मिळणार, असं वाटतं, कारण सिंधू इथून हवाई अंतरानं जेमतेम पन्नासएक किलोमीटरवर आहे. पण मधे लडाखची पर्वतरांग उभी आहे. रेघ वळते आणि आली त्याच दिशेला, वायव्येकडे परत निघते. चिमट्याच्या दोन पात्यांसारखा आकार होतो. सिंधूची भेट होते ती थेट बाल्टिस्तानात, शेकडो किलोमीटर पुढे.

पंढरपुरात भीमा चंद्रकोरीएवढी वळली, तर आपण तिला चंद्रभागा म्हणून हात जोडतो. ही नदी पुरती माघारी फिरते. तिचं नाव श्योक. लांबी सुमारे 550 किलोमीटर.

(हिमनदीचं मुख. करडा बर्फ, त्याखालून येणारं गढूळ पाणी.)

ती उगम पावते रिमो हिमनदीत, समुद्रसपाटीपासून सुमारे पाच हजार मीटरवर. रिमोच्या बर्फाला दोन उतार आहेत. उत्तरेकडचं पाणी यारकंद नदीत जातं आणि तारीमच्या वाळवंटाची वाट धरतं, तिथून ते कुठल्याच समुद्राला मिळत नाही. दक्षिणेकडचं पाणी श्योक होतं आणि सिंधूतून अरबी समुद्रात पोचतं. म्हणजे शेजारी शेजारी पडलेल्या हिमकणांपैकी एक वाळूत जिरणार आणि एक कराचीपाशी खाऱ्या पाण्यात मिसळणार, हे या माथ्यावर ठरतं.

पुढे डाव्या हाताला एकेक नदी येऊन मिळते. देपसांगच्या पठाराकडून चिप चाप. मग गलवान. मग चांग चेन्मो. यातलं मधलं नाव 2020 च्या जूनपासून घराघरांत माहीत झालं. 15 जूनच्या रात्री त्या खोऱ्यात आपले वीस जवान धारातीर्थी पडले. पण हे नाव मुळात एका माणसाचं आहे. गुलाम रसूल गलवान, लेहचा एक गरीब मुलगा, परदेशी प्रवाशांच्या काफिल्यांबरोबर तट्टं हाकत आणि सामान वाहत या निर्जन मुलखात हिंडला आणि पुढे त्यांचा सरदार झाला. डोंगरांना आणि नद्यांना साहेबांची नावं देण्याच्या काळात एका लडाखी वाटाड्याचं नाव एका नदीला मिळालं आणि टिकलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

(दुपार. पांढरं ऊन. पाण्याचा आवाज वाढत जातो.)

आपल्याकडे नदीला पाणी कधी येतं? आभाळ भरून आलं की. घाटावर काळे ढग दिसले की खालच्या गावाला कळतं. श्योकचं गणित याच्या उलट आहे. इथे पाऊस जवळजवळ नाहीच. आभाळ जितकं निरभ्र, ऊन जितकं कडक, तितकं पाणी जास्त, कारण हे सगळं पाणी बर्फाचं. पहाटे पात्र दमलेलं असतं, दगडांवरून पाय टाकत पार करता येईल असं. दुपारनंतर वरचं वितळलेलं पाणी येऊन पोचतं आणि संध्याकाळी त्याच जागी उभं राहणं अशक्य होतं. जुलै-ऑगस्टमध्ये तर दिवसभर हेच. म्हणून काफिले नदी ओलांडायला पहाटेची वेळ धरत.

लेह ते यारकंद (आजच्या चीनच्या शिनजियांगमधलं शहर) हा व्यापारी रस्ता या नदीला टाळूच शकत नव्हता. इकडून सुती कापड, नीळ, मसाले, चहा जात. तिकडून रेशीम, गालिचे, नमदे, चरस येत. रस्ते दोन होते. उन्हाळ्याचा तो ताबिस्तानी, हिवाळ्याचा तो झमिस्तानी. उन्हाळ्यात नदीकाठानं जाण्याची सोयच नसे, पाणी दरीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत भरलेलं. मग काफिला नुब्रा या उपनदीच्या खोऱ्यातून ससेर ला (‘ला’ म्हणजे खिंड) चढायचा. ही खिंड 5,411 मीटर उंच, वाटेत हिमनदी, दोन्ही बाजूंना मेलेल्या जनावरांची हाडं. खिंड उतरलं की ससेर ब्रांगसाला पुन्हा श्योक समोर! ज्या नदीला ते नुब्राच्या तोंडाशी मागे सोडून आले होते, तीच इथे दुसऱ्या पात्यात वाहत असते. माणसानं चिमटा आडवा कापला, नदीनं मात्र सगळा वळसा घेतला.

हिवाळ्यात ससेर बर्फानं बंद. मग हीच नदी रस्ता व्हायची. गोठलेल्या पात्रावरून, कुठे काठाकाठानं, कुठे या काठावरून त्या काठावर, पुन्हा पुन्हा बर्फ ओलांडत माणसं आणि जनावरं चालत. बर्फ कुठे जाड आणि कुठे फसवा, हे ज्याला कळे त्याच्या मागोमाग सगळे. यारकंदी व्यापाऱ्यांनी हिला ‘मृत्यूची नदी’ म्हटलं, असं सांगतात.

(जुनी कृष्णधवल छायाचित्रं. दरीत आडवी आलेली बर्फाची भिंत.)

उगमापासून थोडं खाली काही हिमनद्या बाजूच्या दरीतून थेट श्योकच्या पात्रावर उतरतात. किचिक कुमदान, चोंग कुमदान. तुर्की बोलीत किचिक म्हणजे धाकटा, चोंग म्हणजे थोरला. हा थोरला अधूनमधून पुढे सरकतो, समोरच्या कड्याला जाऊन टेकतो आणि नदीचा रस्ता बंद करतो. माणसानं न बांधलेलं बर्फाचं धरण. मागे तळं साठत जातं. बर्फ पाण्यावर तरंगतो, त्यामुळे असं धरण फार काळ टिकत नाही. पाणी पुरेसं चढलं की ते बर्फाला खालून उचलतं, भेगांतून वाट काढतं, वाट रुंदावत जाते आणि सगळं तळं एकदम सुटतं.

1926 मध्ये हे झालं. पुन्हा तळं साठलं, पंधरा किलोमीटरांहून लांब, शंभर मीटरांहून खोल. 15 ऑगस्ट 1929 ला ते फुटलं. नुब्रा, खापलू, स्कार्दू अशी वस्ती मागे टाकत तो लोंढा अटकेला पोचला तेव्हाही सिंधूची पातळी काही मीटरांनी चढली होती. हजाराहून जास्त किलोमीटरचा प्रवास करून!

अटक म्हटलं की मराठी माणसाच्या मनात 1758 येतं, अटकेपार झेंडे येतात. त्या किल्ल्याखालून वाहणाऱ्या सिंधूत श्योकचं पाणी तेव्हाही होतंच.

(श्योक गाव. जवांची हिरवी शेतं, पलीकडे तांबूस कडे.)

आता वळणाकडे येऊ. इथे पँगाँग रांग आडवी येते. याच भागातून काराकोरम प्रस्तरभंग जातो, जमिनीच्या कवचातली एक प्रचंड भेग, जिच्या दोन बाजू एकमेकींना घासत सरकत आल्या आहेत. अशा भेगेतला खडक पिचलेला असतो आणि पाणी नेहमी पिचलेल्या खडकाकडे जातं. तांगत्सेकडून येणारी नदी इथेच मिळते. एकेकाळी पँगाँग सरोवराचं जादा पाणीही याच दरीतून श्योकमध्ये उतरत असे. पुढे मुगलिबजवळ दरीत गाळ साचला, वाट बुजली आणि बाहेर पडायला जागा नसलेलं ते सरोवर मचूळ झालं. ज्या निळ्या पाण्यासमोर उभं राहून आपण फोटो काढतो, ते श्योकपासून तुटलेलं पाणी आहे.

दारबुकहून श्योक गावावरून दौलत बेग ओल्डी या काराकोरम खिंडीजवळच्या लष्करी ठाण्याकडे जाणारा रस्ता 255 किलोमीटरचा आहे. वाटेत नदीवर चारशे मीटर लांबीचा पूल आहे, 2019 मध्ये खुला झालेला. त्याला नाव दिलंय कर्नल छेवांग रिंचेन यांचं. नुब्रातल्या सुमूर गावचे. दोन वेळा महावीर चक्र. नदीच्या मुलाचं नाव नदीवरच्या पुलाला.

(दिस्कितचा मैत्रेय. खाली पात्राचे अनेक फाटे.)

खलसरपुढे सियाचेनचं पाणी घेऊन नुब्रा नदी येते आणि खोरं उघडतं. इतका वेळ अंग चोरून वाहणारी श्योक इथे ऐसपैस पसरते, तिचे दहा-दहा फाटे होतात. खारदुंग ला ओलांडून आलेले पुण्या-मुंबईचे, नाशिकचे पर्यटक तिला पहिल्यांदा पाहतात ते इथेच, हुंदरच्या वाळूच्या टेकड्यांवर. तिथले दोन मदारींचे उंट यारकंदच्या काफिल्यांतले. 1950 च्या सुमारास व्यापार थांबला, उंट मागे राहिले.

परतापूरपासून तुर्तुकपर्यंत रस्ता नदीला चिकटून जातो. 27 मे 2022 रोजी याच रस्त्यावरून जवानांचं वाहन नदीच्या पात्रात कोसळलं. सात जण गेले. त्यात साताऱ्याचे आणि कोल्हापूरचेही होते.

तुर्तुक बाल्टी लोकांचं गाव, जर्दाळूंचं गाव. दगड रचून केलेल्या थंड खोल्या आहेत इथे, नांगचुंग म्हणतात त्यांना. खाली बर्फाळ वारा खेळतो आणि उन्हाळ्यात लोणी-मांस टिकतं. डिसेंबर 1971 च्या युद्धात तुर्तुक, त्याक्षी, चालुंका आणि थांग ही चार गावं भारतात आली. कामाधंद्यासाठी स्कार्दूकडे गेलेली माणसं तिकडेच राहिली. कुणाचा भाऊ, कुणाचा नवरा. नदी मात्र रोज त्यांच्याकडे जात राहिली.

(थांगच्या वरून. नदी वळणाआड दिसेनाशी होते.)

आपला कॅमेरा इथे थांबतो. पुढे नियंत्रणरेषा आहे. पलीकडे खापलू आहे, तिथेही जर्दाळूच्या बागा आहेत आणि तीच बाल्टी बोली आहे. त्याही पुढे केरीस. तिथे श्योक सिंधूला मिळते, पन्नास किलोमीटरवर आली असताना जिला भेटली नव्हती, तिला. केरीसच्या पुढे नकाशावर फक्त सिंधूचं नाव लिहिलेलं आहे.