मानमोडीच्या साली गेलेली पणजी

श्रोतेहो, नमस्कार. वंशावळीत पणजोबांचं नाव असतं, पणजीचं बहुधा नसतं. तिच्याबद्दल एवढंच कानावर येतं की ती ‘साथीत गेली’. पण कुठल्या साथीत?

घरातल्या थोरामोठ्यांना साल विचारू नका, खुणा विचारा. उंदीर पडले होते का? काखेत, जांघेत गाठ आली होती का? गाव रानात झोपड्या घालून राहिलं होतं का? तसं असेल तर तो प्लेग. 1896 मध्ये तो मुंबईत मांडवीला दिसला आणि पुढे कित्येक वर्षं फिरून फिरून येत राहिला. म्हणून ‘प्लेगचं साल’ म्हणजे 1897 असं परस्पर लिहून टाकू नये.

सगळं घर एकदम तापानं पडलं, पाणी द्यायलाही कुणी उठेना, आणि म्हातारी वाचून तरणीताठी माणसं गेली, असं कळलं तर ती मानमोडी, 1918 चा इन्फ्लुएंझा. जूनमध्ये तो मुंबईत आला. पण खरा घात केला सप्टेंबरनंतरच्या दुसऱ्या लाटेनं. त्यात पाऊसही दगा देऊन गेला होता. बाळंतिणी आणि गरोदर बायका फार गेल्या.

आता तिथी. वर्षश्राद्धाची तिथी माहीत असेल तर महिना हाती लागतो. समजा, आश्विन वद्य अष्टमी, शके 1840. शकात 78 मिळवले की 1918, म्हणजे ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. साथीचा ऐन भर. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तिथीला मात्र 79 मिळवायचे. इथे हमखास एका वर्षाची चूक होते. पितृपक्षातली तिथी नुसती तिथी सांगते, महिना नाही. आणि पणजीचं श्राद्ध अविधवा नवमीला होत असेल, तर त्यावरून मृत्यूची तिथीही कळत नाही. ती नवरा हयात असताना गेली, एवढंच कळतं. तेही थोडं नाही.

मग तहसीलच्या अभिलेख कक्षात गावाच्या जन्म-मृत्यू नोंदवहीची नक्कल मागा. अर्जात गाव, तालुका आणि अंदाजे दोन-तीन वर्षं लिहा. जुनी पानं मोडी लिपीत असतील तर वाचणारा जाणकार गाठावा लागेल. ‘अमक्याची बायको’ एवढीच नोंद असू शकते, म्हणून नवऱ्याच्या नावानंही शोधा. साथीच्या दिवसांत नोंदी सुटल्याही आहेत. नाव सापडलं नाही म्हणून तर्क खोटा ठरत नाही.

शेवटी तिची मुलं पाहा. 1918 नंतर मुलगा कुठे वाढला? शाळेच्या जनरल रजिस्टरात पालक म्हणून मामाचं नाव, आणि शाळा आजोळच्या गावची, असं दिसलं तर आई गेल्यावर पोर कुणी सांभाळलं ते कळेल. तिथल्या जन्मतारखेवर मात्र विसंबू नका. 1 जून ही तारीख पुष्कळदा मास्तरांनी घातलेली असते.