नानांची 2 लिटरची रात्र

(दृश्य: पहाटेचा अंधार. अमळनेर तालुक्यातलं गाव. घरामागच्या वाड्यात शौचालयाचं पत्र्याचं दार, वर एक पिवळा दिवा.)

पहाटेचे साडेचार. ओसरीवर खाटेला टेकून माझे वडील, नाना, बसले आहेत. हातात स्टीलचा पेला, शेजारी कळशी. कळशीत पॉलिएथिलीन ग्लायकॉलची, म्हणजे पोट साफ करायची पावडर घातलेलं पाणी. एकूण 2 लिटर. अर्धं काल संध्याकाळी संपवलं, उरलेलं आता संपवायचं. चव खारट, त्यावर लिंबाचा ओढूनताणून आणलेला गोडवा. नाना डोळे मिटून पेला रिकामा करतात आणि विचारतात, "हाऊ शेवटना शे ना?"

अजून तीन पेले बाकी आहेत.

काल दिवसभर भाकरी बंद होती, भरीत बंद, शेवभाजी बंद. मऊ भात आणि मुगाचं पातळ वरण, संध्याकाळपासून तेही नाही. माय म्हणाली, एरवी डॉक्टर कोंडा खा, पालेभाजी खा म्हणतात आणि आज तेच नको? तिचं बरोबर आहे. रोजच्या पोटाला चोथा चांगला. पण आज आतड्यात कॅमेरा जाणार आहे, आणि टोमॅटोचं एक साल, मिरचीचं एक बी भिंतीला चिकटून राहिलं तरी त्यामागचं काही दिसणार नाही. म्हणून ही रात्र. शौचाला जाऊन जाऊन शेवटी नुसतं पिवळसर, नितळ पाणी यायला हवं.

(दृश्य: दिवस. कापसाचं शेत, वेचणी चालू.)

मागे जाऊया. आठ महिने मागे.

नानांना शौचावाटे रक्त दिसत होतं. लाल, थोडंसं, आठवड्यातून एखाद-दोनदा. सांगितलं कुणालाच नाही. मायला कळलं ते धोतर धुताना. तिनं विचारलं तर उत्तर तयार होतं, "मूळव्याध शे, दुसरं काय!" आमच्याकडे या जागेच्या प्रत्येक दुखण्याचं नाव मूळव्याध. बसस्थानकाच्या भिंतीपासून रेल्वे फाटकापर्यंत त्याच्याच पाट्या: बिना ऑपरेशन, एका दिवसात, खात्रीशीर. ज्या भागात माणूस पोटाचं बोलायला लाजतो, तिथे पाटीच डॉक्टर होते.

मग कुणीतरी एका केंद्राचं नाव सुचवलं. तिथे आतडं धुऊन देतात म्हणे. नानांना सांगण्यात आलं की वर्षानुवर्षांचा मळ आतड्याला थर धरून बसलाय, तो सगळ्या शरीरात विष सोडतोय, रक्त त्यामुळेच येतंय. पाच बैठकांचं पॅकेज. नळी आत घालून कित्येक लिटर पाणी सोडायचं आणि काढायचं. पहिल्या दिवशी नाना घरी आले ते खुशीत, हलकं वाटतंय म्हणाले. दुसऱ्या बैठकीनंतर अंगणात चक्कर येऊन बसले. रक्तदाबाची गोळी चालू आहे का, एवढंही त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आणि रक्त येतंय हे ऐकूनही नळी घातली, याचा राग मला अजून आहे.

हा थर खरंच असतो का? याचं उत्तर वाद घालून शोधायची गरज नाही. कोलोनोस्कोपीचा, म्हणजे आतड्याच्या दुर्बीण तपासणीचा कॅमेरा रोज जगभर हजारो माणसांच्या मोठ्या आतड्यातून फिरतो. एका रात्रीच्या औषधानंतर त्याला जे दिसतं ते गुलाबी, ओलसर, चकचकीत अस्तर. डांबरासारखा थर त्याला सापडत नाही. या अस्तराच्या पेशी दर काही दिवसांनी झडतात आणि नव्या येतात, जुनं काही धरून ठेवायला तिथे जागाच नसते. रक्तातला नको तो भाग काढायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत.

ही विषाची कल्पना आपल्या गावात जन्मली नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेत तिचा मोठा बोलबाला होता. लंडनचे सर्जन सर विल्यम आर्बथनॉट लेन तर बद्धकोष्ठतेसाठी माणसांचं मोठं आतडंच कापून काढत. 1919 साली अमेरिकेतले डॉक्टर वॉल्टर अल्वारेझ यांनी दाखवून दिलं की बद्धकोष्ठतेतली सुस्ती, डोकेदुखी विषाची नसते. गुदाशय भरून ताणला गेला की तशीच लक्षणं दिसतात, आणि पोट मोकळं झालं की क्षणात जातात. विष रक्तात भिनलं असतं तर क्षणात गेलं असतं का?

नानांना पहिल्या दिवशी हलकं वाटलं, ते यामुळेच. ते खोटं बोलत नव्हते.

धुण्याचे धोके मात्र खरे आहेत. क्षार कमी-जास्त होतात, नळीनं आतड्याला इजा होते, उपकरण नीट निर्जंतुक नसेल तर एकाचा रोग दुसऱ्याला जातो. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात 1978 ते 1980 या काळात एकाच दवाखान्यात आतडं धुऊन घेतलेल्या किमान 36 जणांना अमिबाची लागण झाली. 10 जणांची आतडी काढावी लागली, त्यातले 6 दगावले. आयुर्वेदातली बस्ती हा वेगळा विषय आहे, ती वैद्य प्रकृती तपासून ठरवतो. पण रक्त पडत असताना, ते कुठून येतंय हे पाहिल्याशिवाय काहीच करू नये, बस्तीही नाही आणि एरंडेलही नाही.

(दृश्य: धुळे. रुग्णालयाचा व्हरांडा. हातात फाइल घेतलेले नाना.)

धुळ्याच्या डॉक्टरांनी पावडर लिहून देण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं, मूत्रपिंडं नीट चालतात का ते त्यावरून कळतं. पोट साफ करायचं म्हणून कुठलंही औषध चालत नाही. सोडियम फॉस्फेटच्या औषधांनी काही जणांची मूत्रपिंडं बिघडली, म्हणून 2008 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्यांच्यावर ठळक इशारा छापायला लावला. रक्त पातळ करायची गोळी आहे का, साखरेची आहे का, हेही विचारलं. जे त्या केंद्रात विचारलं नव्हतं, ते सगळं.

नानांना गुंगीचं इंजेक्शन दिलं. मला पडद्याजवळ उभं राहू दिलं.

माझ्या वडिलांचं आतडं मी आतून पाहिलं. एक ओलसर, वळणावळणाचा बोगदा, मागे सरकत जाणारा. आणि डाव्या बाजूच्या वळणावर, देठावर लटकलेलं एक बोर. तांबूस, टोकाशी खरवडल्यासारखं. पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेली गाठ. 18 मिलिमीटर. डॉक्टरांनी दुर्बिणीतूनच तारेचा फास त्याच्या देठाभोवती टाकला, आवळला, वीज सोडली. देठ पांढरा पडला आणि बोर गळून पडलं.

असा पॉलिप कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ घेतो. सगळे होत नाहीत. पण जो होतो, त्याला या टप्प्यावर काढता येतं, टाका न घालता, पोट न फाडता. इतका मोठा अवकाश देणारे कर्करोग फार नाहीत.

यालाही धोका आहे. सुमारे 10,000 तपासण्यांमागे 3 वेळा आतड्याला भोक पडतं आणि 15 वेळा मोठा रक्तस्राव होतो. पॉलिप काढला, वय जास्त असलं, तर धोका वाढतो. नानांना बजावून सांगितलं: दोन आठवडे गाठोडं उचलायचं नाही, पोट दुखलं, ताप आला, रक्त आलं तर रात्र असली तरी निघायचं. वेचणीच्या दिवसांत नानांना खाटेवर बसवणं किती कठीण गेलं, ते मायला विचारा.

मग सगळ्यांनीच कोलोनोस्कोपी करावी का? मला तसं वाटत नाही. ज्यांना रक्त दिसतं, ज्यांची शौचाची सवय अचानक बदलली, वय झाल्यावर विनाकारण रक्त कमी झालं, त्यांच्यासाठी तो प्रश्नच नाही, त्यांनी जायलाच हवं. पण ठणठणीत माणसाचा हिशेब वेगळा. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या सुमारे 85,000 लोकांच्या अभ्यासाचे आकडे 2022 मध्ये आले. ज्यांना तपासणीचं बोलावणं गेलं त्यांच्यात 10 वर्षांत हा कर्करोग 0.98 टक्के लोकांना झाला, बाकीच्यांत 1.20 टक्के. म्हणजे 455 जणांना बोलावलं तेव्हा एकाचा कर्करोग टळला. बोलावलेल्यांपैकी प्रत्यक्षात गेले मात्र 42 टक्केच. भारतात हा कर्करोग युरोपपेक्षा बराच कमी, आणि आपल्या सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, मोठं आतडं नाही. खान्देशात कोलोनोस्कोपी करणारे हातही मोजकेच. ते हात आधी रक्त पडणाऱ्या माणसापर्यंत पोहोचावेत, असं मला मनापासून वाटतं.

लक्षणं नसलेल्यांसाठी शौचाची एक साधी चाचणी आहे. फिट म्हणतात तिला. डोळ्यांना न दिसणारं मानवी रक्त ती ओळखते. चारपैकी साधारण तीन कर्करोग तिला सापडतात, मोठे पॉलिप मात्र चौथा हिस्साच. म्हणून ती दरवर्षी करायची, आणि रक्त आढळलं तर पुढे दुर्बिणीची तपासणी टाळता येत नाही.

नानांचा अहवाल नवव्या दिवशी आला. अडेनोमा, म्हणजे पुढे कर्करोग होऊ शकतो असा पॉलिप. अजून कर्करोग नाही. 3 वर्षांनी पुन्हा दुर्बीण, तेव्हा नाना 65 चे असतील.

(दृश्य: ओसरी, संध्याकाळ. नाना खाटेवर, हातात भाकरी.)

अहवालाच्या शेवटी डॉक्टरांनी पेननं एक ओळ लिहिली आहे: मुलांनी चाळिशीपासून तपासणी सुरू करावी. मी 41 चा आहे. बहीण चोपड्याला असते, ती 39 ची.

तिला फोन लावला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "दादा, मला पण दिसतं रे कधी कधी. मला वाटलं, मूळव्याध असेल."

सोमवारची वेळ घेतली आहे. कळशी नानांनी स्वतः घासून ठेवली.