परक्या देशातले पहिले काही तास

विमानतळ म्हणजे देश नव्हे, हे आधी सांगून टाकतो. सगळीकडे तेच सरकते जिने, त्याच काचा, तीच अत्तराची दुकानं. त्या देशाच्या वतीनं आपल्याशी पहिल्यांदा बोलतो तो इमिग्रेशनचा अधिकारी, आणि विचारतो काय? ‘कशाला आलात? परत कधी जाणार?’ पाहुण्याला दारातच!

खरा देश बाहेर पडल्यावर सुरू होतो, आणि तो आधी नाकाला कळतो. दमट हवा, डिझेल, ओली माती, कुठे समुद्र. पण नाक मोठं विसराळू. काही मिनिटांत ते वासाला सरावतं आणि तो वास जणू नव्हताच असं होतं. मुक्काम महिनाभराचा असला तरी पहिल्या वासासाठी एवढीच मिनिटं मिळतात. म्हणून फोटो नंतर काढा, आधी दोन ओळी खरडून ठेवा.

डोळ्यांवर माझा फारसा भरवसा नाही. ते चित्रात पाहिलेलंच शोधत बसतात. देशाचं परकेपण कळतं ते मानेला. विन्स्टन चर्चिल यांचंच घ्या. डिसेंबर 1931 मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर ते टॅक्सीतून उतरले, रस्ता ओलांडताना इंग्लंडच्या सवयीनं भलत्याच बाजूला पाहिलं, आणि मोटारीनं त्यांना उडवलं. थेट इस्पितळात रवानगी. बरं, हा माणूस अमेरिकेला नवखा होता का? आई अमेरिकन, स्वतः 1895 मध्येच तिथे जाऊन आलेले. तिकडे गाड्या उजव्या बाजूनं चालतात हे डोक्याला ठाऊक होतं हो, मानेला नव्हतं! लंडनमध्ये रस्त्यावरच ‘उजवीकडे पाहा’ असं रंगवून ठेवलेलं असतं, ते अशाच पाहुण्या मानांसाठी.

बल्गेरियात तर मान वेगळाच घोळ घालते. तिथे मान आडवी हलली की होकार, वर झटकली की नकार. त्यात एखादा भला माणूस पाहुण्याच्या सोयीसाठी मुद्दाम उलट हलवतो. मग त्याचं ‘हो’ कुठल्या पद्धतीचं, हे कोणाला विचारायचं?

‘कल्चर शॉक’ हा शब्द रूढ करणारे मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी 1954 मध्ये रिओ दि जानेरोतल्या एका भाषणात नेमक्या अशाच बारीकसारीक गोष्टी मोजून दाखवल्या होत्या: हात कधी मिळवायचा, बक्षिशी कधी द्यायची, आमंत्रण कधी स्वीकारायचं. या खुणा हरवल्या की माणूस कासावीस होतो. मला ते पटतं. मोठमोठ्या इमारतींनी कोणी गांगरत नाही; सुट्टे पैसे हातात घेऊन गल्ल्यासमोर उभं राहिलं की घाम फुटतो.

आणि मग येतं एकटेपण. 1325 मध्ये मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता आपल्या टँजियर गावाहून निघाला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. काफिला ट्युनिसला पोचला. लोक सामोरे आले, एकमेकांची विचारपूस सुरू झाली. याला सलाम करणारं मात्र कोणी नव्हतं, कारण याला ओळखणारंच कोणी नव्हतं. तो रडू लागला. पुढे त्यानं अर्धं जग पालथं घातलं, सुलतानांच्या दरबारात बसला, आणि तीसेक वर्षांनी आठवणी सांगायला बसला तेव्हा ट्युनिसचं ते रडणं त्यानं वगळलं नाही. एका यात्रेकरूच्या ते लक्षात आलं, तो जवळ आला, सलाम केला, आणि शहरात शिरेपर्यंत याच्याशी बोलत राहिला, हेही त्यानं सांगितलं.