पोटभरीचं सॅलड: तळाशी पाणी का साचतं?

नमस्कार मंडळी! सॅलडखालच्या तुमच्या कमेंट्समध्ये दोन तक्रारी सारख्या येतात. एक, "सॅलड खाल्लं की दोन तासांत परत भूक लागते." आणि दुसरी, "डब्यात नेलं की दुपारपर्यंत तळाशी पाणीच पाणी." पहिलीचं उत्तर छोटं आहे, ते आधी उरकून घेऊ. आजचा बहुतेक वेळ दुसरीला द्यायचा आहे.

भूक लागते, कारण वाडग्यात काकडी, टमाटर आणि कोबी, बस्स. काकडीत शंभरातले 95 भाग पाणी. त्यानं पोट कसं भरणार? जेवणाऐवजी सॅलड खायचं तर त्यात धान्य हवं, कडधान्य हवं आणि थोडं तेलही हवं. तेलाचं नाव काढलं की काही जण नाराज होतात, पण गाजर आणि पालकातलं कॅरोटिन स्निग्ध पदार्थ असल्याशिवाय शरीराला नीट मिळत नाही. बिनतेलाच्या हट्टानं गाजर अर्धं वाया जातं.

(स्क्रीनवर: दोन माणसांचं प्रमाण)

हरभरा, काबुली किंवा आपला देशी, कोरडा 100 ग्रॅम. अख्खी ज्वारी 80 ग्रॅम. पनीर 100 ग्रॅम, नको असेल तर दोन उकडलेली अंडी. फल्लीदाणे, म्हणजे शेंगदाणे, भाजून 30 ग्रॅम. भाज्यांमध्ये एक काकडी, एक गाजर, दीडशे ग्रॅम कोबी, एक घट्ट टमाटर, अर्धा कांदा, दोन मुठी कोवळा पालक आणि मूठभर सांभार, म्हणजे कोथिंबीर. एक संत्रं. यातून माणशी साधारण 25 ग्रॅम प्रथिनं मिळतात, म्हणजे हे खरंच एका वेळचं जेवण झालं.

हरभरा आणि ज्वारी वेगवेगळ्या भांड्यांत रात्रभर भिजवा. हरभरा अर्धा चमचा मीठ घालून शिजवा: काबुलीला चार-पाच शिट्ट्या, मग मंद आचेवर दहा मिनिटं, देशीला आणखी थोडा वेळ. ज्वारीला तिप्पट पाणी, एक शिट्टी, मग मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. दाणा चावताना दाताला लागला पाहिजे, पण आत पांढरा कच्चा कण राहता कामा नये. किनोआ चालेल का, असं खूप जण विचारतात. चालेल. पण ज्वारी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळते आणि शिजून गार झाल्यावरही सुटी राहते, म्हणून इथे ज्वारीच घेतली.

आता पाणी. हे नीट ऐका, कारण बिघडतं ते इथेच.

सॅलडमध्ये पाणी तीन वाटांनी शिरतं आणि बहुतेक घरांत तिन्ही उघड्या असतात. पहिली वाट पानांची. आपल्या नागपुरात कॉटन मार्केटमधून किंवा गोकुळपेठेतून आणलेल्या पालकावर विक्रेत्यानं उन्हात तो टिकावा म्हणून पाणी मारलेलं असतं, वर आपण तीन पाण्यांनी धुतो. धुवायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण पानावर पाण्याचा थर राहिला की तेल त्याला धरतच नाही. ड्रेसिंग घसरून तळाला जातं आणि पानं फिकी लागतात. मग आपण वरून मीठ घालतो. त्या मिठानं आणखी पाणी सुटतं, आणि चक्र सुरू होतं. स्वच्छ सुती पंचा घ्या, पानं त्यात सैल बांधा, मोरीत किंवा गॅलरीत उभं राहून पाच-सहा वेळा जोरात गोल फिरवा. मग पंख्याखाली पसरा. पावसाळ्यात पंधरा-वीस मिनिटं लागतात. मे महिन्यात पाच मिनिटांतच उचला, नाहीतर पानं मान टाकतात.

दुसरी वाट शिजवलेल्या दाण्यांची. हरभरा कुकरमधून काढला, चाळणीत दोनदा झटकला आणि सरळ वाडग्यात! असं करू नका. चाळणीत दहा मिनिटं राहू द्या, मग ताटात पसरा, वाफ निघून जाऊ द्या. दाणा कोमट असतानाच, पानांत मिसळायच्या आधी, त्याला अर्धं ड्रेसिंग लावा. कोमट दाणा चव आत ओढून घेतो, गार झालेल्याला ती वरवरच लागते. पण हाच कोमट दाणा पालकावर टाकलात तर पाच मिनिटांत पालक शिजल्यासारखा लोळागोळा होतो. म्हणून आधी ड्रेसिंग, मग पूर्ण गार करणं, मग पानं. हा क्रम उलटा करायचा नाही.

तिसरी वाट चिरलेल्या भाज्यांची, आणि माझा राग तिच्यावरच सगळ्यात जास्त आहे. भाजी चिरता चिरता मीठ भुरभुरायची सवय! मीठ लागलं की काकडी पाणी सोडणारच. मग ते पाणी सुटायचं कुठे, तेवढं आपण ठरवू. काकडी चिरून, वेगळ्या चाळणीत, अर्धा चमचा मीठ लावून वीस मिनिटं ठेवा आणि हातानं घट्ट पिळा. निघालेलं पाणी ताकात घाला, ताकाला मग वेगळं मीठ नको. टमाटरच्या मधला बियांचा गर काढून टाका, फक्त भिंती चिरा. तो गर दुपारच्या वरणात जाऊ द्या. कोबी अगदी बारीक चिरा, पण त्याला मीठ लावू नका. ते ड्रेसिंगमधून येईलच.

(क्लोज-अप: खलबत्ता)

ड्रेसिंगसाठी बाटली विकत आणायची गरज नाही. आपल्याकडे फेसलेली मोहरी आहेच, आणि तेल आणि लिंबू एकजीव करून धरायचं काम ती छान करते. एक छोटा चमचा मोहरी खलबत्त्यात कुटा, दोन छोटे चमचे साधं पाणी घाला, फेसा आणि दहा मिनिटं ठेवा. लिंबू आत्ताच पिळू नका. मोहरीचा झणका कुटलेल्या दाण्याला पाणी लागल्यावर तयार होतो आणि आंबट लगेच पडलं की तो अर्ध्यावर थांबतो. पाणी गरमही नको, त्यानंही झणका मरतो. दहा मिनिटांनी एक मोठा चमचा लिंबाचा रस, अर्धा छोटा चमचा मीठ, एक छोटा चमचा किसलेला गूळ आणि चिमूटभर भिवापुरी मिरचीची पूड. दोन मोठे चमचे घाण्याचं फल्लीचं तेल घालून झाकणाच्या बरणीत जोरात हलवा. दाटसर, पिवळट झालं की तयार.

संत्र्याचा रस ड्रेसिंगमध्ये घालू का, असं विचारणाऱ्यांना सांगते: नको. पुन्हा पाणीच आलं ना! फोडी घ्या, वरचा पापुद्रा आणि बिया काढा आणि वाढताना वरून ठेवा. ऑक्टोबर ते डिसेंबरमधलं आंबिया बहाराचं संत्रं जरा आंबट असतं, त्या वेळी लिंबू थोडं कमी करा. फेब्रुवारीनंतरचं मृग बहाराचं गोड, तेव्हा गूळ वगळला तरी चालेल.

आता जुळवणी, दोन मिनिटांचं काम. दाणे, कोबी, गाजर, पिळलेली काकडी, टमाटर आणि कांदा एकत्र करा, उरलेलं ड्रेसिंग घाला. पानं आणि पनीर शेवटी, हलक्या हातानं. फल्लीदाणे अगदी ताटात घेताना, नाहीतर ते मऊ पडतात. भाजलेल्या जवसाची पूड आवडत असेल तर तीही तेव्हाच एक चमचा भुरभुरा. आधी घातली की ती ओल शोषून चिकट होते.

मोड आलेले मूग घालणाऱ्यांसाठी एक सूचना: कच्चे घालू नका, चार-पाच मिनिटं वाफवून घ्या. मोड ज्या ओल्या उबेत येतात, तिथे जंतूही झपाट्यानं वाढतात.

डबा नेणाऱ्यांनी ड्रेसिंग लावलेले दाणे तळाशी ठेवावेत, त्यावर कोबी-गाजर, मग काकडी, सगळ्यात वर कोरडी पानं. टमाटर आणि फल्लीदाणे वेगवेगळ्या डब्यांत, ढवळायचं खातानाच. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला जातो, तेव्हा शिजवलेला हरभरा, पनीर किंवा अंडी एका तासाच्या वर बाहेर ठेवू नका. डबा रात्रभर फ्रीजमध्ये गार करा आणि सकाळी बर्फाच्या पॅकसोबत जाड पिशवीत घाला. ऑफिसात फ्रीज असेल तर पोचल्या पोचल्या आधी डबा आत, मग चहा.