गुलमोहराची शेंग आणि निवडुंगाचा काटा

मित्रहो, कोल्हापुरात तालवाद्यांविषयी बोलायचे, तर पहिला मान हलगीचा. कुस्तीच्या मैदानात उतरण्यापूर्वी हलगीवाला पालापाचोळ्याचा जाळ करून तिचे कातडे शेकतो, मध्येच टिचकी मारून पाहतो आणि हवा तसा खणखणीत आवाज निघेपर्यंत ती पुन्हा जाळावर धरतो. पावसाळी हवेने उतरलेले कातडे चढवणे हा त्याच्या विद्येचाच भाग आहे. निसर्ग हलगीतही असतो, पण कसलेला वादक त्याला ताब्यात आणतो. आज ज्या रचनेविषयी मी बोलणार आहे, तिने नेमका हा ताबा सोडून दिला आहे.

अमेरिकन संगीतरचनाकार जॉन केज यांनी १९७५ साली एका तालवादकासाठी ‘चाइल्ड ऑफ ट्री’ ही रचना लिहिली. निसर्गावरची रचना म्हटले, की आपण मेघगर्जनेची, पावसाच्या सरींची वाट पाहू लागतो. तबल्यावर तसे काही वाजले, की टाळ्याही पडतात. येथे नक्कल मुळीच नाही. वादकाने दहा वाद्ये घ्यायची आणि ती सगळी वनस्पतींचीच. त्यांत निवडुंग हवा आणि पॉइन्सियानाच्या शेंगेचा खुळखुळा हवा. या नावाने ओळखले जाणारे झाड म्हणजे आपला गुलमोहर, ज्याच्या वाळलेल्या शेंगांच्या तलवारी करून आपण सगळेच लहानपणी लढलो आहोत.

निवडुंगाला चिकटवलेला छोटा मायक्रोफोन हवेतला आवाज टिपत नाही, तर त्या झाडाच्या अंगात उमटलेले कंपन टिपतो. म्हणून एरवी कानाशी नेल्याशिवाय ऐकू न येणारा काट्याचा स्वर सभागृहभर पोहोचतो. लांब काटा छेडला तर स्वर खालचा, आखूड छेडला तर वरचा. मी घरी करून पाहिले. तिसऱ्याच प्रयत्नात काटा मोडला आणि त्याच्याबरोबर तो स्वरही गेला.

रचना आठ मिनिटांची. तिचे भाग कसे पाडायचे आणि कोणत्या भागात कोणती वाद्ये, हे ‘यी चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथाच्या पद्धतीने, नाणी उडवून ठरवायचे. त्यानंतर घड्याळावर नजर ठेवून उपज करायची, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसे वाजवायचे. उपजेविषयी केज यांना फारशी आस्था नव्हती, कारण वादक त्यात आपल्या सवयी आणि आवडीनिवडीच पुन्हा वाजवतो, असे त्यांना वाटे. हा आक्षेप आपल्या मैफलींना सरसकट लावणे मला पटत नाही. मात्र शेंगेच्या बाबतीत त्यांनी काढलेली तोड चोख आहे, कारण तिच्यावर हात बसावा, तोवर ती फुटू लागलेली असते.

अशी एक शेंग मी सोबत आणली आहे. पहिल्या रांगेत देतो; जरा बेताने हलवा, तिची एक कड आधीच उकलली आहे.