जागं राहणाऱ्यांचं अर्पण

“दुःख प्रभूला अर्पण करा” हे वाक्य आम्ही धर्मगुरू फार सहज बोलून जातो. मीही बोलायचो. मग एकदा प्रार्थनेनंतर एका बाईंनी मला थांबवलं. मुलगा जाऊन सहा महिने झाले होते. म्हणाल्या, “फादर, अर्पण करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? फुलं असती तर वेदीवर ठेवून आले असते.” मला तेव्हा उत्तर देता आलं नाही.

अर्पण म्हटलं की बायबलच्या जुन्या करारातली वेदी आठवते. लेवीय पुस्तकाच्या 22 व्या अध्यायात नियम कडक आहे: आंधळा, मोडक्या हाडाचा, फोड आलेला पशू चालणार नाही, निर्दोषच हवा. हा नियम आपल्या मनातून अजून गेलेला नाही. म्हणून दुःखसुद्धा आपण देवापुढे धुऊनपुसून नेतो. त्यातला राग काढून ठेवतो, “माझ्याच वाट्याला का?” हा प्रश्न गिळतो आणि शेवटी “तुझी इच्छा” जोडून मोकळे होतो. 51 वं स्तोत्र मात्र भग्न हृदयालाच यज्ञ म्हणतं. पशू मोडका नको, पण हृदय मोडकं असलेलं चालतं!

आता गेथशेमानेत या, प्रभू येशूला पकडलं त्या रात्रीच्या बागेत. त्या नावाचा अर्थ तेलाचा घाणा. वल्हांडण या यहुदी सणाचं भोजन आटोपून प्रभू तिथे येतो, पेत्र, याकोब आणि योहान या शिष्यांना जवळ घेतो आणि सांगतो, माझा जीव मरणाइतका खिन्न झालाय, इथं थांबा, जागे राहा. मला या प्रसंगात नेहमी हेच अडतं. ज्याच्या हाकेनं लाजर कबरेबाहेर आला, तो त्या रात्री तीन कोळ्यांकडे सोबत मागतोय. आणि ते झोपतात. शुभवर्तमानात येशूची कथा सांगणारा लूक त्याचं कारणही देतो: दुःखामुळे झोपले. शोकाने माणूस असा गळून जातो, हे लूकला ठाऊक होतं.

प्रभूची प्रार्थनाही नीट ऐका. हा प्याला, म्हणजे समोर आलेलं हे दुःख आणि मरण, दूर कर, असं तो आधी म्हणतो. “माझ्या इच्छेप्रमाणे नको” हे त्यानंतर येतं. बरं, एकदा म्हणून विषय संपला असता, तर तो परत परत गेला नसता. दुसरा शुभवर्तमानकार मत्तय सांगतो, तिसऱ्यांदाही त्याने तेच शब्द उच्चारले. म्हणजे देवाच्या पुत्रालाही ते एका दमात जमलं नाही.

म्हणून दुखण्यावर औषध घेऊ नका, मारहाण सोसत राहा, अशा अर्थाने कुणी “अर्पण करा” म्हणत असेल, तर ते ऐकू नका. प्याला टळावा असं त्यालाही वाटत होतं. आणि क्रूसावरच्या त्याच्या बलिदानात काही कमी पडलंय, ते आपल्या अश्रूंनी भरायचंय, असंही नाही. बायबलमधलं इब्री लोकांस लिहिलेलं पत्र म्हणतं, ते अर्पण एकच आणि पुरेसं.

मग आपण काय देतो? मला वाटतं, त्या तिघांनी जे दिलं नाही ते. रात्री तीन वाजता डोळा लागत नाही, छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, तेव्हा “प्रभू, मी जागी आहे” एवढंच म्हणायचं. दुःख कमी होईल असं मी सांगत नाही. पण त्या बागेत तो एकटा नसेल, आणि तुम्हीही नसाल.

हे सगळं त्या बाईंना मी पुष्कळ उशिरा सांगितलं. त्यांनी बाकीचं फारसं मनावर घेतलं नाही. फक्त विचारलं, “तिसऱ्यांदाही तेच म्हणाला?”

“तेच.”

“मग मीही रोज तेच तेच म्हणते, ते चालत असेल.”