सॅटेलाइट इंटरनेट, ऑफिसचं व्हीपीएन आणि हेलपाट्यांचा हिशोब

[कॅमेऱ्यासमोर. मागे खिडकी. खिडकीबाहेर वाळलेलं गवत, तारेचं कुंपण आणि छपराच्या कडेला तबकडी.]

नमस्कार मंडळी. बोलायला लागण्याआधी एक काम उरकतो. ही बघा, ऑफिसच्या शेअर्ड ड्राइव्हवरची एक्सेल फाइल. चार एमबीची आहे. दोनदा क्लिक केलं. उघडेल तेव्हा उघडेल, तोवर आपण बोलू.

मी राहतो ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समध्ये, डबो नावाच्या गावापासून चाळीसेक किलोमीटर आत. बायकोची नोकरी या बाजूला, माझं ऑफिस सिडनीत. म्हणून ती गाडी काढते आणि मी लॅपटॉप उघडतो. इथपर्यंत फायबर आलेलं नाही. मोबाइलची रेंज पाण्याच्या टाकीजवळ उभं राहिलं तर दोन दांड्या, घरात शून्य. त्यामुळे आमचं इंटरनेट येतं वरून, स्काय मस्टर नावाच्या दोन उपग्रहांवरून. एक 2015 साली सोडला, दुसरा 2016 साली, दोन्ही फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियान रॉकेटवर.

नारायणगावला फोन केला की चुलतभाऊ हसतो. त्याच्याकडे घरात फायबर आहे आणि मी "फॉरेन"ला राहून एक्सेल उघडायची वाट बघतोय. हसू दे.

आता मुद्दा. हे बघा.

[स्क्रीनवर: स्पीड टेस्ट. 24 एमबीपीएस.]

व्हीपीएन बंद असताना 24. वाईट नाही. आता ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा कुलूपबंद रस्ता, चालू करतो, तीच टेस्ट पुन्हा.

[स्क्रीनवर: 1.8 एमबीपीएस.]

एक पूर्णांक आठ. तबकडी तीच, लॅपटॉप तोच, मध्ये दोन मिनिटंसुद्धा गेलेली नाहीत. मी ऑफिसच्या हेल्पडेस्कला तीनदा तिकीट टाकलं. तिन्ही वेळा उत्तर एकच, "व्हीपीएन बंद करून स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट पाठवा." पाठवला. "24 दिसतंय, म्हणजे सगळं ठीक आहे." तिकीट बंद. त्यांचीही चूक नाही म्हणा, त्यांच्या टेबलावर बसून हा आजार दिसतच नाही.

बरेच जण म्हणतात व्हीपीएन डेटा एन्क्रिप्ट करतं, त्यात वेळ जातो. अहो, आजचा साधा लॅपटॉपसुद्धा ते काम सहज पेलतो. दुखणं दुसरीकडे आहे, आणि ते समजायला त्या तबकडीकडे बघावं लागेल.

[खिडकीतून तबकडी दाखवत.]

तबकडीचं तोंड उत्तरेकडे आहे. आपल्याकडे महाराष्ट्रात टीव्हीची डिश दक्षिणेकडे बघत असते, इथे उलटं. कारण हे उपग्रह विषुववृत्ताच्या डोक्यावर असतात, सुमारे 35,786 किलोमीटर उंच. त्या उंचीवर उपग्रह पृथ्वीच्याच वेगाने फिरतो, म्हणून आकाशात एका जागी खिळल्यासारखा दिसतो. त्याचा फायदा असा की तबकडी एकदा घट्ट केली की हलवावी लागत नाही. तोटा म्हणजे अंतर. माझ्या घरापासून तिरक्या रेषेत ते साधारण 37,000 किलोमीटर भरतं. माझी मागणी 37,000 वर जाते, 37,000 खाली येते, बोर्क, रोमा, सेडुना अशा ठिकाणी त्यांची जमिनीवरची केंद्रं आहेत तिथे कुठेतरी. मग उत्तर पुन्हा वर आणि पुन्हा खाली. झाले 1,48,000 किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानेसुद्धा याला जवळपास अर्धा सेकंद लागतो, आणि मधली यंत्रं आपापला वाटा घेतात तो वेगळा. माझ्याकडे पिंग, म्हणजे निरोप जाऊन उत्तर यायचा वेळ, 650 मिलिसेकंदांच्या आसपास असतो. म्हणजे डबोहून चारशे किलोमीटरवरच्या सिडनीला निरोप जाऊन उत्तर येईपर्यंत पृथ्वीला साडेतीनपेक्षा जास्त प्रदक्षिणा होतात.

याला मी हेलपाटा म्हणतो. जुन्या काळी सातबारा आणायला तलाठ्याकडे जायचो ना, तसं. गेलं की साहेब म्हणणार, अर्ज आणा. परत घरी. अर्ज घेऊन गेलं, की आता तिकीट लावा. परत. काम पाच मिनिटांचं, दिवस जायचा येण्याजाण्यात. इंटरनेटचं अगदी हेच आहे. एखादं पान उघडायचं तर आधी पत्ता विचारायचा, एक हेलपाटा. मग सर्व्हरशी रामराम, दुसरा. मग कुलूपकिल्ली ठरवायची, जुन्या पद्धतीत दोन हेलपाटे, 2018च्या नव्या टीएलएस 1.3 मध्ये एक. मग कुठे "पान द्या" म्हणायचं. पाच हेलपाटे गुणिले 0.65, म्हणजे सव्वातीन सेकंद, तेव्हा कुठे पहिलं अक्षर येतं. यात 25 चा प्लॅन घ्या नाहीतर 100 चा, काडीचा फरक पडत नाही.

पुढे गंमत अशी, की सर्व्हर सगळा माल एकदम पाठवत नाही. आधी साधारण 14 केबी पाठवतो आणि पोचपावतीची वाट बघतो. पावती आली की पुढच्या खेपेला दुप्पट, मग चौपट. रजिस्टर पोस्टासारखं, पोच आल्याशिवाय पुढचा गठ्ठा निघत नाही. एक एमबीची फाइल या चालीने यायला सहा-सात हेलपाटे लागतात. सात धरले तर साडेचार सेकंद. 25 एमबीपीएसने तीच फाइल अर्ध्या सेकंदाच्या आत यायला हवी होती.

मग व्हीपीएन बंद असताना 24 कसे दिसले? इथे खरी गोम आहे.

उपग्रहवाल्यांना हे सगळं फार वर्षांपासून माहीत आहे, म्हणून त्यांनी एक लबाडी करून ठेवलीय. चांगल्या अर्थाने लबाडी. मॉडेममध्ये आणि जमिनीवरच्या केंद्रात मध्यस्थ बसवलेले असतात. सर्व्हरने गठ्ठा पाठवला की केंद्रातला मध्यस्थ माझ्या वतीने लगेच सही ठोकतो, "पोचलं हो, पुढचं पाठवा." सर्व्हर खूश, माल भराभर सोडतो. प्रत्यक्षात तो माल अजून आकाशात असतो. पोहोचवायची जबाबदारी मध्यस्थाची. गावातला ओळखीचा पोस्टमन शेजाऱ्याची सही घेऊन पार्सल देऊन जातो, तसला प्रकार.

आता व्हीपीएन चालू करा. माझी सगळी पत्रं एका पोत्यात भरली जातात, पोत्याला लाखेचं सील. मध्यस्थाला आत किती पत्रं आहेत, कोणाची आहेत, कुठल्या पोचपावत्या राहिल्यात, काही दिसत नाही. सही करणार कशावर? तो हात वर करतो आणि पोतं जसंच्या तसं पुढे ढकलतो. मग प्रत्येक पोचपावती माझ्या लॅपटॉपवरून खरीखुरी वर जाऊन खाली येते. 24 चे 1.8 झाले ते असे. व्हीपीएनने वेग खाल्ला नाही, इतकी वर्षं जो अंतर लपवत होता त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. आणि हे काही मी आज शोधलेलं नाही. अशा मध्यस्थांबद्दलचा आरएफसी 3135 हा तांत्रिक दस्तऐवज 2001 सालचा आहे, त्यात ही अडचण सरळ लिहिलेली आहे.

त्या सीलबंद पोत्याचा आणखी एक ताप. स्काय मस्टर प्लस या प्लॅनमध्ये मध्यंतरी बहुतेक वापर डेटाच्या कोट्यात धरत नव्हते. अपवाद दोनच, व्हिडिओ स्ट्रीमिंग आणि व्हीपीएन. पोत्यात काय आहे ते कळत नसेल तर सगळं पोतं काट्यावर ठेवणार, त्यात काय नवल.

तर उपाय. वेग वाढवायच्या नादी लागू नका, हेलपाटे कमी करा. आणि हो, "व्हीपीएन बंद करून काम करा" हे मी सांगणार नाही. नोकरी तुमची आहे.

सगळ्यात आधी ऑफिसला एकच प्रश्न विचारा, आपलं व्हीपीएन टीसीपीवर चालतं की यूडीपीवर? टीसीपी म्हणजे पोचपावतीवालं रजिस्टर पोस्ट. आतली पत्रं रजिस्टर आणि बाहेरचं पोतंही रजिस्टर असेल, तर पावसात एखादा तुकडा हरवला की आतला कारकून पुन्हा पाठवतो आणि बाहेरचाही पुन्हा पाठवतो. दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात आणि सगळंच तुंबतं. यूडीपी म्हणजे साधं पोस्टकार्ड, टाकलं की टाकलं. वायरगार्ड नावाचं व्हीपीएन यूडीपीवरच चालतं, ओपनव्हीपीएन नावाच्या दुसऱ्याला दोन्ही जमतं. माझ्या ऑफिसात ही सेटिंग बदलायला दीड महिना लागला आणि बदलायला क्लिक लागला एक. 1.8 चे साडेचार झाले.

दुसरी गोष्ट मी प्रत्यक्ष दाखवतो, कारण यात माझे दोन आठवडे गेले. लक्षण ऐका. व्हीपीएन जोडलं जातं, लॉगिन होतं, चॅट चालतं, पण मेलला जोडलेली फाइल अर्ध्यावर येऊन गप्प. लहान गोष्टी चालतात, मोठ्या अडकतात. असं दिसलं की समजायचं, पोतं दारातून जात नाहीये. इंटरनेटवरचा तुकडा सहसा जास्तीत जास्त 1500 बाइटचा. व्हीपीएन त्यावर स्वतःचं वेष्टण चढवतं, वायरगार्डचं साठ ते ऐंशी बाइटचं. वेष्टणासकट माप 1500 च्या वर गेलं की तुकडा मोडावा लागतो किंवा वाटेत कुठेतरी कुणीतरी टाकून देतं.

[स्क्रीनवर: काळी कमांड विंडो.]

विंडोजवर पिंगला "तुकडा मोडू नको" सांगता येतं. व्हीपीएन चालू ठेवून ऑफिसच्या सर्व्हरला 1472 पाठवतो. नाही जात. 1400? नाही. 1360? नाही. 1340? गेलं! आता एकेक वाढवत... 1344 जातंय, 1345 जात नाही. यात 28 मिळवायचे, ते पिंगचं स्वतःचं वेष्टण. 1372. व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये एमटीयू (तुकड्याचं जास्तीत जास्त माप) नावाची चौकट असते, तिथे हा आकडा टाकायचा. तुमच्याकडे आकडा वेगळा येईल, माझा उचलून टाकू नका. चौकटीला कुलूप असेल तर आयटीवाल्यांना आकड्यासकट मेल करा. नुसतं "नेट स्लो आहे" लिहिलं की स्क्रीनशॉट मागतात, "एमटीयू 1372 हवा" लिहिलं की फोन येतो. अनुभव आहे.

तिसरं, स्प्लिट टनेलिंग. म्हणजे ऑफिसच्या फायली पोत्यातून आणि व्हिडिओ मीटिंग, विंडोजचे अपडेट वगैरे बाहेरून सरळ. हे ऑफिसनेच ठरवायचं असतं. मिळालं तर सोडू नका.

आता रोजच्या कामाचं. शेअर्ड ड्राइव्हवरची फाइल तिथल्या तिथे उघडणं म्हणजे तलाठी कार्यालयाचा कळस. फोल्डर दाखव, परवानगी तपास, कुलूप लाव, थोडं वाच, आणखी थोडं वाच. प्रत्येकाला एक हेलपाटा. (मगाशी टाकलेली आपली फाइल? अजून फिरतंय.) त्यापेक्षा फाइल कॉपी करून स्वतःच्या लॅपटॉपवर आणा, काम करा, परत ठेवा. कॉपीलाही वेळ लागतो, पण एकदाच, आणि तेवढ्यात चहा होतो. फाइल फारच मोठी असेल तर रिमोट डेस्कटॉप. फाइल सिडनीतच राहते, इकडे नुसतं चित्र येतं. पण तिथे टाइप केलेलं अक्षर दिसायला पाऊण सेकंद लागतो. सुरुवातीला माणूस वेडा होतो. अक्षर दिसलं नाही म्हणून पुन्हा दाबतो, मग दोन उमटतात, मग खोडतो, तर चार खोडली जातात. मी लांबलचक मजकूर इकडे नोटपॅडमध्ये लिहितो आणि एकदम तिकडे चिकटवतो. माउस जवळपास सोडलाय, कीबोर्डचे शॉर्टकट पाठ केलेत. टर्मिनलवर काम करणाऱ्यांनी मॉश नावाचा प्रोग्राम बघा. 2012 पासून आहे. तुम्ही दाबलेलं अक्षर सर्व्हरची वाट न बघता अंदाजाने लगेच दाखवतं.

मीटिंगचं काय? त्याला औषध नाही. बोलणं नैसर्गिक वाटायला एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असावा, असं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस सांगते. माझा त्याच्या दुप्पट. मी बोलायला लागतो तेव्हा सिडनीत दुसऱ्या कुणीतरी सुरुवात केलेली असते. दोघं थांबतो, दोघं "सॉरी, यू गो" म्हणतो, पुन्हा दोघं बोलतो. आमच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ आर्वीला, भारताचं उपग्रहाद्वारे परदेशाशी बोलायचं पहिलं केंद्र होतं, 1970च्या दशकाच्या सुरुवातीचं. विक्रम साराभाईंच्या नावाचं. आजी आखातातल्या काकाशी बोलायची तेव्हा एक वाक्य बोलून थांबायची, मनात मोजायची, मग पुढचं. तिला कुणी शिकवलं नव्हतं. मीही आता तेच करतो. वाक्य संपलं की "झालं माझं" म्हणतो. ऑफिसात त्यावर विनोद होतात, पण मीटिंग लवकर आटोपते.

पावसाचं थोडक्यात. ही सेवा केए बँडवर, म्हणजे फार उंच फ्रिक्वेन्सीच्या लहरींवर चालते आणि त्या लहरी पावसात विरतात. इथे उन्हाळी वादळ आलं की वीसेक मिनिटं सगळं ठप्प. कोकणात हे बसवलं असतं तर जून ते सप्टेंबर सुट्टीच.

"मग स्टारलिंक घे की" असं खाली लिहिणार तुम्ही. बरोबर आहे. ते उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात, तिथे हेलपाटाच छोटा, त्यामुळे आजचं निम्मं पुराण तिथे लागू होत नाही. स्काय मस्टर चालवणाऱ्या एनबीएन या सरकारी कंपनीनेही 2025 साली खालच्या कक्षेतल्या उपग्रहांसाठी अ‍ॅमेझॉनशी करार जाहीर केलाय. पण घर भाड्याचं आहे, छपरावर आणखी एक तबकडी लावू द्यायला मालक तयार नाहीत. शिवाय सगळे काही शेतात राहत नाहीत. जहाजांवर, दूरच्या खाणींवर अजूनही उंचावरचेच उपग्रह भरपूर आहेत. आपल्याकडे 2022च्या सप्टेंबरमध्ये इस्रोच्या जीसॅट-11 आणि जीसॅट-29 वर ह्यूज कंपनीने जी ब्रॉडबँड सेवा सुरू केली, तीसुद्धा भूस्थिर, म्हणजे असल्याच एका जागी खिळलेल्या उपग्रहांवरची. लडाखमधून कुणी ऑफिसला जोडला जात असेल तर त्यालाही हाच 0.65 चा पाढा म्हणावा लागतो.

हा व्हिडिओ मात्र मी इथून चढवणार नाही. पेनड्राइव्ह घेऊन शनिवारी डबोच्या लायब्ररीत जाईन.

[लॅपटॉपकडे वळून.]

थांबा, उघडली! एक्सेल उघडली. आणि वर काय लिहिलंय बघा... "फक्त वाचण्यासाठी". सिडनीत कुणीतरी माझ्या आधी उघडून बसलंय.